मुरनालची बाजू

माझ्या पुतणीचं नाव मृणाल. वडीगोद्रीत आमच्या माहितीत या नावाची दुसरी मुलगी नव्हती, म्हणून तर ते ठेवलं. बारशाला आत्यानं कानात 'कुर्र' करून नाव सांगितलं, तेव्हा पाळण्याभोवतीच्या बायकांनी दोनदा विचारलं, "काय म्हनली?" नाव पटल्याची ती खूण. वर्षभरात आमच्या गल्लीत आणखी दोन मृणाल झाल्या. कपाशीचं नवं वाणसुद्धा इतक्या लवकर पसरत नाही.

तसा शोध आमचा नव्हे. 'पाणीवाली बाई' मृणाल गोरे 1977 सालीच लोकसभेत गेल्या होत्या. मृणाल कुलकर्णी पडद्यावर जिजाऊ झाल्या. बंगालात तर हे चक्क बाप्याचं नाव. 'भुवन शोम' काढणारे ते मृणाल सेन.

तेव्हा गल्लीतल्या त्या दोघींविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती उच्चाराच्या फौजदारांविषयी.

गेल्या दिवाळीत भावजयीचे मावसभाऊ पुण्याहून आले. आमच्या आईनं नातीला हाक मारली, "मुरनाल, पाव्हन्याला पानी आन गं." पाहुण्यांनी पेला हातात घेतला, पण पाणी काही घशाखाली उतरेना.

"मावशी, मुरनाल नव्हे. मृ-णा-ल. 'ण' बाणातला."

आईनं चारदा प्रयत्न केला. पोरं हसली. नातही हसली. "ह्या वयात माझी जीभ कुठं साळंत घालता, बाबा," असं म्हणून आई उठून गेली. त्यानंतर आठ दिवस ती नातीला 'ए पोरी' म्हणत होती. नाव घेईनाच. शुद्धलेखनाच्या कोणत्या नियमात हे बसतं, सांगा.

आता पाहुण्यांच्या शुद्धतेची झडती घेऊ. 'ऋ' हा मूळचा स्वर. आज रोजच्या बोलण्यात तो स्वर म्हणून कोणीच उच्चारत नाही. आपण मराठी माणसं त्याचा 'रु' करतो, हिंदीवाले 'रि' करतात. म्हणून तर इंग्रजी स्पेलिंगात कुणी यू घालतं, कुणी आय. म्हणजे 'म्रुणाल' म्हणणारे पाहुणे आणि 'मुरनाल' म्हणणारी आमची आई, दोघंही मूळ मुक्कामाच्या अलीकडेच एसटीतून उतरलेले. एक दोन स्टॉप आधी, इतकंच.

आणि आमच्या भागानं हा उद्योग काल सुरू केलेला नाही. सातवाहनांचं पैठण इथून गोदावरीनं वर गेलं की येतं. त्यांच्या वेळच्या प्राकृतानंच 'ऋ' मोडीत काढला होता. म्हणून मृत्तिकेची माती झाली, पृष्ठाची पाठ झाली, तृणाचं तण झालं. ते तण आम्ही अजून खुरपतो आहोत. पुढं महाराष्ट्री प्राकृतात 'न'चा सर्रास 'ण' होई. आम्ही 'ण'चा 'न' करतो. हिशेब चुकता!

पाहुण्यांना मी नावाचा अर्थ विचारला. "काहीतरी कमळासारखं," म्हणाले. कमळाचा देठ, साहेब.

आमच्या आईचं नाव दगडाबाई. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून हिच्यावर कुणाची नजर जाऊ नये यासाठी ठेवलेलं. नाव काही हलकं नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामात लढलेल्या दगडाबाई शेळके आमच्याच जालना जिल्ह्यातल्या. पण ज्या बाईला स्वतःला दगड म्हणून वाढवलं, तिनं नातीला कमळाच्या नावानं हाक मारायची, तर तिला पुण्याचा परवाना लागावा? अहो, तिचं स्वतःचं नाव जन्मात कुणी चुकीचं उच्चारलं नाही. त्यात तिला काय सुख मिळालं?

हे सगळं मी नातीलाही ऐकवलं. ती गप्प बसली. मग आजीजवळ जाऊन काहीतरी कुजबुजली.

परवा संध्याकाळी शाळा सुटली. महामार्गावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली, भोंगे चाललेले. आई ओट्यावर उभी राहिली आणि पोटापासून ओरडली, "मुरनाऽऽल!"

रस्त्याच्या कडेच्या तिघी मुली एकदम मागं वळल्या.