गाडीची किल्ली कुणाच्या हाती?

मागील पंधरवड्यातील गोष्ट. दिवेलागण होऊन गेली होती आणि दवाखाना बंद करण्याच्या बेतात मी होतो. तेवढ्यात पंचाहत्तरीचे एक परिचित गृहस्थ रक्तदाब तपासून घ्यायला आले. गाव तसे दहा-बारा किलोमीटर दूर.

"आबाजी, इतक्या उशिरा कसे आलात?" मी विचारले.

"नातवानं आणलं ना, डॉक्टरसाहेब. दहावीत आहे, पण गाडी अशी चालवते, की पोटातलं पाणी हलत नाही!" त्यांच्या स्वरात कौतुक होते.

बाहेर डोकावलो. मिसरूडही न फुटलेला मुलगा स्कूटरवर बसलेला, हातात मोबाइल. शिरस्त्राण दोघांचेही नव्हते. गाडी कुणाच्या नावावर आहे, असे विचारताच आबाजी सहज म्हणाले, "माह्याच."

वाचकहो, हे चित्र एका घरापुरते नाही. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात अनेक घरांत कर्ती पिढी पुण्याला, नागपूरला नोकरीस असते आणि गावी उरतात ती आजी-आजोबा व नातवंडे. औषधांचे दुकान तालुक्याला, दवाखाना तालुक्याला. मग गुडघ्याने बेजार झालेली आजी कुणाला सांगणार? ती नातवाला हाक मारते. मुले हट्टाने गाडी घेतात, असे आपण म्हणतो; परंतु पुष्कळदा आपल्याच गरजेपोटी आपण किल्ली त्यांच्या हाती देत असतो. म्हणून या वेळचे हे लेखन मुलांसाठी कमी आणि आपणा ज्येष्ठांसाठी अधिक आहे.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. मोटार वाहन कायदा, 1988 नुसार सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालविण्यासाठी वयाची 18 वर्षे पूर्ण असावी लागतात. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो, असे अनेक जण सांगतात. ते अर्धसत्य आहे. ती सवलत 50 सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीपुरतीच आहे आणि तिलाही पालकाची लेखी संमती लागते. आज घरोघरी दिसणाऱ्या स्कूटर साधारणतः 100 सीसीच्या पुढच्या असतात. त्या या सवलतीत बसत नाहीत. विजेवर चालणाऱ्या गाडीबाबतही हाच गैरसमज आहे. 250 वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी 25 किलोमीटरहून अधिक वेग नसलेल्या गाडीलाच परवान्यातून सूट आहे. त्याहून वेगवान विद्युत स्कूटरला परवाना हवाच.

2019 मध्ये या कायद्यात झालेली दुरुस्ती आपण नीट समजून घ्यावी. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास कलम 199-अ नुसार त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंतचा कारावास आणि 25,000 रुपये दंड. वाहनाची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या 25 व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. आपल्या नकळत गाडी नेली किंवा आपण ती रोखण्याची पुरेशी दक्षता घेतली होती, हे मालकाला सिद्ध करावे लागते. शिवाय चालकाकडे वैध परवाना नसेल, तर अपघातग्रस्ताला दिलेली भरपाई विमा कंपनी मालकाकडून वसूल करू शकते. आबाजींची स्कूटर आबाजींच्या नावावर आहे. या सर्वांचा अर्थ त्यांच्यासाठी काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

आता वैद्यकीय बाजू. "आमचा मुलगा हुशार आहे, सफाईने चालवतो," असे आजोबा म्हणतात आणि ते खोटे नसते. हातापायांचे कौशल्य कुमारवयात लवकर येते. परंतु धोका ओळखून स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत असतो. मित्र मागे बसला की वेग वाढतो, तो स्वभावदोषाने नव्हे. त्या वयाची घडणच तशी असते. या वयात आठ ते दहा तास झोप आवश्यक असते. परीक्षेच्या दिवसांत पाच तास झोपलेला मुलगा गाडीवर बसला, की त्याचे भान मंदावलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 5 ते 29 या वयोगटात रस्ते अपघात हे मृत्यूचे पहिले कारण आहे. भारतात 2022 या एकाच वर्षी 1,68,491 माणसे रस्त्यावर दगावली आणि त्यांत दुचाकीवरील लोकांचा वाटा सर्वाधिक होता.

मग मुलाने शिकायचे कसे? अठरा पूर्ण होताच आधी शिकाऊ परवाना काढावा. आधार क्रमांकाच्या आधारे त्याचा अर्ज व चाचणी आता घरबसल्या संगणकावर होऊ शकते. मात्र उत्तरे मुलानेच द्यावीत, दुकानदाराने नव्हे. चिन्हे पाठ नसलेला मुलगा उद्या फाट्यावर चुकणारच. हा परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून 30 दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. आपल्याकडे ती यवतमाळच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून होते. मधला महिना म्हणजे केवळ वाट पाहण्याचा काळ नव्हे. तोच खरा शिकण्याचा काळ. या दिवसांत गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर तांबडे 'एल' अक्षर हवे. आणखी एक नियम फारसा कुणाला ठाऊक नसतो. शिकाऊ चालकाने दुचाकीवर शिकविणाऱ्या परवानाधारकाखेरीज कुणालाही मागे बसवायचे नसते. अर्थात आजीला मागे बसवून दवाखान्यात नेणे या काळात चालत नाही.

शिकविताना आपल्या मुलखाची माती आणि हंगाम यांचाही विचार व्हावा. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते आणि रस्ता साबणासारखा निसरडा होतो. तिथे एकदम ब्रेक दाबला की गाडी घसरलीच. कापूस निघू लागला की संध्याकाळी मागे दिवा नसलेल्या बैलबंड्या आणि भरलेले ट्रक रस्त्यावर असतात. पांढरकवड्यावरून जाणारा 44 क्रमांकाचा आणि कळंब, यवतमाळ, आर्णी, उमरखेड जोडणारा 361 क्रमांकाचा महामार्ग यांवरील वाहनांचा वेग गावरस्त्यावर शिकलेल्या डोळ्याला अंदाजता येत नाही. म्हणून पहिले काही महिने दिवसाउजेडी, गावरस्त्यावर आणि एकट्यानेच. महामार्ग, रात्र आणि पाऊस यांची ओळख नंतर, जाणत्या माणसाच्या सोबतीने.

मागे बसणाऱ्या ज्येष्ठांनीही काही पथ्ये पाळावीत. शिरस्त्राण चालकाप्रमाणेच मागच्यालाही सक्तीचे आहे. ते घातल्याने डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे 69 टक्क्यांनी घटतो, असे अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणात आढळले आहे; मात्र हनुवटीखालचा पट्टा बांधलेला हवा. एका अंगाला पाय सोडून बसण्याने तोल जातो. लुगड्याचा पदर वा ओढणी चाकात अडकू नये, म्हणून ती खोचून घ्यावी. उतारवयात हाडे ठिसूळ होतात. तरुणाला खरचटते तेवढ्याच पडण्याने आजीच्या खुब्याचे हाड मोडू शकते. चक्कर येत असेल, तर दुचाकीवर बसूच नये.

मुलाच्या हाती किल्ली द्यायची नाही, तर औषध आणायचे कसे, हा प्रश्न उरतोच. रोजच्या गोळ्या महिन्याच्या एकदम आणाव्यात आणि डबीत आठ दिवसांच्या शिल्लक असतानाच पुढची खरेदी करावी. एसटीत 75 वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवास आहे. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना आणि सर्व महिलांना निम्मे भाडे. तपासणीची वेळ एसटीच्या वेळेशी जुळवून मागितली, तर बहुतेक डॉक्टर नकार देणार नाहीत. अकस्मात त्रास झाल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शेवटी एक अवघड गोष्ट. किल्ली केव्हा द्यावी, याबरोबर आपण स्वतः ती केव्हा ठेवून द्यावी, याचाही विचार करावा. समोरच्या दिव्याने डोळे दिपत असतील, मान मागे वळत नसेल, झोपेची किंवा सर्दीची गुंगी आणणारी गोळी चालू असेल, मधुमेहात साखर अचानक उतरत असेल, तर गाडी चालवणे योग्य नव्हे. वयाच्या पंचावन्नीनंतर परवान्याचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते आणि त्या वेळी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. त्याकडे निव्वळ कागद म्हणून पाहू नये. डोळे व कान खरोखर तपासून घ्यावेत. आजोबा शिरस्त्राण कोपराला अडकवून निघाले, तर नातूही तेच शिकतो.

हे सारे त्या संध्याकाळी मी आबाजींना थोडक्यात सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पोराला काय सांगू? त्याला वाटन, माह्यावर भरोसा नाही." मी म्हटले, "भरोसा आहे म्हणूनच थांब म्हणतोय, असं सांगा." परतताना मी त्यांच्यासाठी ओळखीचा ऑटो बोलावला, स्कूटर रात्रभर दवाखान्याच्या आवारात राहिली.

परवा आबाजी पुन्हा आले, सकाळच्या एसटीने. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी स्कूटरची किल्ली काढून दाखवली. "दोन दिवस रुसला होता," ते हसून म्हणाले. "मग म्यां कबूल केलं. अठरा झाला की शिकाऊ परवान्याची फी माह्याकडून, अन् पहिलं शिरस्त्राण बी माह्याकडूनच." त्या दिवशी त्यांचा रक्तदाबही ठीक होता.