चार गज आणि किराण्याचा सूर

परवा तिन्हीसांजेला आमच्याकडे स्ट्रिंग क्वार्टेटची सीडी लावली होती. शेजारच्या अक्का डबा परत द्यायला आल्या त्या दारातच थबकल्या. "तंबूरी इल्लेनु?"

नाही हो अक्का, तंबोरा नाही आणि तबलाही नाही. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो, एवढाच संसार. अठराव्या शतकात हेडनने हा प्रकार रुजवला. समोर कागद, पण पुढे उभा राहून हातवारे करणारा कोणी नाही. सगळे डोळ्यांच्या खुणांवर चालते. अक्का बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "ह्यात आपलं काहीतरी आहे बघा."

आहेच. वाजवणारे होते सॅन फ्रान्सिस्कोचे क्रोनॉस क्वार्टेट आणि रचना टेरी रायली यांची, 'सलोमी डान्सेस फॉर पीस'. आता नाते बघा. मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँ, त्यांचे शिष्य कुंदगोळचे सवाई गंधर्व, पुढे गंगूबाई आणि भीमसेन, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. खाँसाहेबांचे चुलतबंधू अब्दुल वहीद खाँ. त्यांचे शिष्य लाहोरचे पंडित प्राणनाथ १९७० साली अमेरिकेत गेले आणि रायली त्यांच्यापुढे शिकायला बसले. १९९६ मध्ये गुरुजी जाईपर्यंत, सव्वीस वर्षे!

म्हणजे हे रायली आपल्या किराणा घराण्याचेच, लांबचे का होईना. १९६४ च्या 'इन सी' या रचनेने ते आधीच गाजले होते. त्यात फक्त ५३ लहान लहान स्वरवाक्ये. कोणते किती वेळा घोळवायचे ते वाजवणाऱ्याने ठरवायचे. पुढे तर त्यांनी लिहिणे जवळजवळ सोडलेच. क्रोनॉसचे डेव्हिड हॅरिंग्टन मात्र मागे लागले, आमच्यासाठी लिहाच. चौघांनी एकत्र वाजवायचे तर कागद हवा ना. १९८० साली पहिले क्वार्टेट आले, मग आणखी, आणि 'सलोमी' तर जवळपास दोन तासांची.

अक्कांना हे सांगितले तर त्या गप्प झाल्या. लहानपणी धारवाडला त्या गाणे शिकत. वही काढली की गुरुजी रागावत, गाणे कानाने घ्यायचे. गुरुजी गेले आणि त्यांच्या कितीतरी चिजाही गेल्या. "अर्ध्या मला आठवत नाहीत. विचारू कुणाला?"

मी आजवर गुरुजींच्या बाजूची. लिहिलेली मींड म्हणजे वाळवलेले फूल, असे म्हणत आले. अजूनही 'सलोमी'मध्ये चारही गज एकदम धावू लागले की माझे मन उठून स्वयंपाकघरात जाते. पण मध्येच एकच सूर लांब, न हलता उभा राहतो. व्हायोलिनवर सूर थरथरता ठेवायची तिकडची सवय, म्हणून तो स्थिर सूर कानाला चटकन ओळखीचा लागतो. तो कागदावरूनच आला आहे. क्रोनॉसमधले दोन जुने वादक २०२४ मध्ये निवृत्त झाले. नवे आले आणि तेच कागद समोर ठेवून बसले. अक्कांच्या गुरुजींच्या चिजांसाठी असे बसायला कुणाला कागद मिळेल?

मी वही-पेन पुढे केले. अक्का हसल्या, "आता काय लिहू?" तरी एका चिजेचा मुखडा लिहून गेल्या, कानडी अक्षरांत. अंतरा आठवला की उद्या येते म्हणाल्या.