आधी अंदाज, मग बटण



मागच्या पालकसभेत एक सूचना आली होती. वर्गाची पहिली दहा मिनिटे पाढे आणि तोंडी हिशेबात जातात, ती वाचवून संभाषणाला द्यावीत. मुलांच्या खिशात फोन आहे, फोनमध्ये कॅल्क्युलेटर आहे, मग ‘बे एके बे’ कशाला, असा त्यामागचा विचार. पुढच्या सभेत यावर निर्णय व्हायचा आहे. तत्पूर्वी या अंकातून माझे मत मांडतो.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, म्हणजे यंत्रांचेच मीठ खाणारा माणूस. शिवाय मला जुने कॅल्क्युलेटर जमवण्याचा नाद आहे. घरातला एक अख्खा खण त्यांनी भरलेला आहे (आणि दुसऱ्या खणाबाबत घरात वाटाघाटी सुरू आहेत!). तेव्हा मी कॅल्क्युलेटरच्या विरुद्ध बोलेन, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. पण या जुन्या-नव्या यंत्रांची तुलना करता करताच माझे मत पक्के झाले आहे, की ती दहा मिनिटे राहिली पाहिजेत.

माझ्या संग्रहातली सर्वांत जुनी वस्तू कॅल्क्युलेटर नाहीच. तो आहे माझ्या वडिलांचा स्लाइड रूल. मुलांनो, ही एक सरकणारी पट्टी असलेली फूटपट्टी समजा. दोन पट्ट्यांवर आकडे लॉगरिथमच्या अंतराने छापलेले असतात. एक पट्टी दुसरीवर सरकवली की लांबींची बेरीज होते आणि आकड्यांचा गुणाकार होतो. गंमत अशी, की २.५ गुणिले ४ करा किंवा २५० गुणिले ४० करा, पट्टी त्याच जागी थांबते. उत्तर १० की १०,०००, हे पट्टी सांगत नाही. दशांशचिन्ह कुठे द्यायचे ते वापरणाऱ्याने डोक्यात ठरवायचे. आकडेही तीनच मिळायचे, फार तर चार. महाराष्ट्रात अकरावी-बारावी सायन्स केलेल्या पालकांना लॉग टेबल आठवत असेल. तिथेही तोच प्रकार. टेबलातून आकडे मिळत, दशांशचिन्हाची जबाबदारी आपली. थोडक्यात काय, तर उत्तर साधारण केवढे येणार याचा अंदाज नसलेल्या माणसाला या साधनांचा काडीचाही उपयोग नव्हता.

मग आला १९७२ सालचा फेब्रुवारी महिना आणि ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचा एचपी-३५. साइन, कोसाइन, लॉग हे सगळे करणारा हा पहिला हातात मावणारा कॅल्क्युलेटर. तो शर्टाच्या खिशात मावला पाहिजे, हा बिल ह्यूलेट यांचा आग्रह होता. बटणे ३५, म्हणून नाव एचपी-३५. किंमत ३९५ डॉलर, म्हणजे आजच्या हिशेबाने जवळजवळ तीन हजार डॉलर! तरीही इंजिनिअरांच्या त्यावर उड्या पडल्या, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत स्लाइड रूल अडगळीत गेला. १९७६ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-३० आला तो २४ डॉलर ९५ सेंटला. चार वर्षांत चैनीची वस्तू विद्यार्थ्याच्या दप्तरात आली.

एचपी-३५ ची एक कथा मुलांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. पहिल्या काही यंत्रांत एक चूक राहून गेली होती. २.०२ या संख्येचा नॅचरल लॉग काढून लगेच त्याची उलट क्रिया केली, तर परत २.०२ यायला हवे. यंत्र म्हणायचे, २. कंपनीने चूक मान्य करून यंत्रे बदलून देण्याची तयारी दाखवली. पण प्रश्न असा, की ही चूक दिसते कोणाला? परत २.०२ च यायला पाहिजे हे ज्याला आधीपासून ठाऊक आहे, त्यालाच.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. १९७४ मध्ये सिंक्लेअर कंपनीने ४९ पौंड ९५ पेन्सला ‘सायंटिफिक’ नावाचा कॅल्क्युलेटर काढला. आत बसवलेली चिप मुळात साध्या बेरीज-वजाबाकीच्या यंत्रासाठी केलेली. त्यात जेमतेम ३२० सूचनांची जागा, आणि तेवढ्यात साइन, टॅन्जंट, लॉग सगळे कोंबलेले. आज एखाद्या वेबपानावरचे चित्रसुद्धा याच्या शेकडो पट जागा घेते, म्हणून प्रोग्रॅमर म्हणून मी त्या कारागिरीला हात जोडतो. पण जागा इतकी कमी, की पायची किंमतसुद्धा आत मावली नाही. ती यंत्राच्या अंगावर छापून टाकली होती! उत्तरे पाच आकड्यांची, आणि शेवटचे आकडे भरवशाचे नाहीत. हे यंत्र वापरणाऱ्याला त्याची कुवत ओळखूनच चालावे लागे.

आता आजच्या यंत्रांकडे वळू. कॅसिओचे आजचे शाळकरी मॉडेल अपूर्णांक वहीत लिहितो तसा वरखाली दाखवते, आठचे वर्गमूळ २√२ असे लिहून देते. टीआय-८४ आलेख काढतो. एसएटी परीक्षेत १९९४ पासून कॅल्क्युलेटर चालतो, आणि २०२४ पासून अमेरिकेत ही परीक्षा संगणकावर होऊ लागली तेव्हापासून डेस्मॉस हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर परीक्षेच्या पडद्यावरच मिळतो. फोनचा कॅमेरा गणितावर धरला तर पायऱ्यांसकट उत्तर हजर. अचूकतेच्या बाबतीत जुनी यंत्रे यांच्या पासंगालाही पुरणार नाहीत. संग्राहक एक कसोटी घेतात. कोन अंशांत ठेवून ९ चा साइन काढा, त्याचा कोसाइन, त्याचा टॅन्जंट, मग त्याच वाटेने उलटे परत या. उत्तर ९ यायला हवे. एचपी-३५ वर ९.००४ च्या आसपास येते. आजच्या चांगल्या यंत्रावर पहिल्या पाच-सहा दशांशस्थळांपर्यंत चूक दिसतच नाही.

मग बिघडले कुठे? बिघडले असे की, यंत्र इतके अचूक झाले की आपण त्याला प्रश्न विचारणेच सोडले. यंत्राची अचूकता वाढली म्हणून आपण विचारलेला प्रश्न बरोबर होता असे ठरत नाही. साइन ३० विचारताना यंत्र अंशांऐवजी रेडियनमध्ये असले, तर ते दहा आकड्यांच्या रुबाबात उणे ०.९८८ सांगते. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच असते. ते उत्तर वहीत उतरवणारा विद्यार्थी आणि ‘अरे, हे तर अर्धा यायला हवे’ म्हणून थांबणारा विद्यार्थी, यांच्यात यंत्राचा फरक नाही. फरक आहे तो अंदाजाचा.

मुलांनो, माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः करून बघा. घरात सापडतील तेवढे कॅल्क्युलेटर गोळा करा आणि हे चार प्रयोग करा.

१) २ + ३ × ४ = दाबा. दुकानदाराच्या टेबलावरचा साधा कॅल्क्युलेटर २० म्हणेल, कारण तो आले तसे करत जातो. शास्त्रीय कॅल्क्युलेटर १४ म्हणेल, कारण तो गुणाकार आधी करतो.

२) १ ÷ ३ × ३ = दाबा. साध्या यंत्रावर बहुधा ०.९९९९९९९ दिसेल. आठ घरांत न मावलेले आकडे त्याने टाकून दिले.

३) १०० + १० % दाबा. काही यंत्रे ११० म्हणतील, काही १००.१. कॅसिओची काही साधी यंत्रे १११.११ दाखवतात, कारण ती दुकानदाराचा प्रश्न सोडवतात: कितीला विकू म्हणजे दहा टक्के वजा जाऊन १०० उरतील?

४) ६ ÷ २(१ + २) दाबा. कॅसिओचे आजचे शास्त्रीय मॉडेल १ म्हणते, टीआय-८४ म्हणतो ९. दोन्ही नावाजलेल्या कंपन्या, आणि बिघाड कोणाच्यातच नाही. प्रश्नच धड लिहिलेला नाही.

एकाच प्रश्नाला तीन यंत्रे तीन उत्तरे देतात हे एकदा डोळ्यांनी पाहिले, की ‘कॅल्क्युलेटरने सांगितले’ हे वाक्य तोंडातून सहज निघत नाही. जुने-नवे कॅल्क्युलेटर शेजारी ठेवण्याचा मला वाटणारा सर्वांत मोठा फायदा हाच.

कोणी म्हणेल, हे सगळे ठीक, पण याचा मराठी वर्गाशी संबंध काय? ते गणिताच्या शिक्षकांचे काम. इथेच माझा मतभेद आहे. अंदाज करण्याची कला आपल्या भाषेतच भरलेली आहे. ‘एकोणतीस’ म्हणजे तिसाला एक कमी. सहा एकोणतीस किती? सहा त्रिक अठरा, म्हणजे १८०, त्यातून सहा गेले, १७४. शब्दानेच वाट दाखवली! १८ डॉलर ७५ सेंट म्हणजे पावणेएकोणीस. अशा चार वस्तूंचे किती? चार एकोणीस शहात्तर, चार वेळा पाव कमी म्हणजे एक कमी, पंचाहत्तर. आपल्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ केली ती यासाठीच. इथली आपली मुले मराठी आकड्यांना घाबरतात, एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत गोंधळतात. पण ‘एकोण’ म्हणजे ‘एक उणा’ हे समजले, की तोच शब्द भाषाही शिकवतो आणि हिशेबही.

आणखी एक मौज सांगतो. एचपी-३५ वर ‘बरोबर’चे बटणच नव्हते. दोन आणि तीन यांची बेरीज करायची तर आधी २, मग एंटर, मग ३ आणि शेवटी अधिक. पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ यान वुकाशेविच यांनी १९२० च्या दशकात क्रियेचे चिन्ह सर्वांत आधी लिहिण्याची पद्धत काढली होती, त्याची ही उलटी आवृत्ती. अमेरिकन विद्यार्थ्यांना ती विचित्र वाटायची. पण मराठीत म्हणून पाहा: ‘दोनात तीन मिळव.’ आधी दोन, मग तीन, शेवटी क्रियापद. कॅसिओच्या जुन्या एफएक्स-८२ वरही आधी ९ दाबायचे आणि मग वर्गमूळ, अगदी ‘नऊचे वर्गमूळ’ म्हणतो तसे. नव्या मॉडेलवर आधी वर्गमूळ आणि मग नऊ, हा इंग्रजी क्रम. ‘क्रियापद शेवटी’ हा नियम आपल्या मुलांना शिकवायला मला एचपी-३५ पेक्षा चांगले खेळणे माहीत नाही.

आता सूचना करणाऱ्यांच्या बाजूचे जे खरे आहे तेही मान्य करतो. अर्थ न समजता पाढ्यांचा नुसता घोष करण्यात दहा मिनिटे घालवणे मलाही पटत नाही. तीस पर्यंतचे पाढे पाठ झालेच पाहिजेत असा माझा हट्ट नाही. मोठे आकडेमोडीचे काम यंत्रानेच करावे. मी रोज तेच करतो. पण आमच्या धंद्यात प्रोग्रॅम तपासताना पहिला प्रश्न असतो, ‘उत्तर काय यायला हवे?’ अपेक्षित उत्तर आधी लिहायचे, मग प्रोग्रॅम चालवायचा. ज्याच्याकडे अपेक्षित उत्तर नाही त्याला तपासणी करताच येत नाही. यंत्रे जितकी हुशार होत जातील, तितकी ही सवय महाग होणार आहे, स्वस्त नव्हे.

तेव्हा माझी सूचना अशी. दहा मिनिटे ठेवावीत, पण वाटून घ्यावीत. पाच मिनिटे दहापर्यंतचे पाढे आणि सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच यांचे तोंडी हिशेब. उरलेली पाच मिनिटे ‘अंदाजाचा खेळ’. शिक्षकांनी प्रश्न सांगावा, मुलांनी मराठीत अंदाज सांगावा, आणि त्यानंतरच एका मुलाने कॅल्क्युलेटरवर उत्तर पाहावे. सगळ्यांत जवळ जाणाऱ्याला टाळ्या. आकडे मराठीत, वाद मराठीत, टाळ्या जागतिक भाषेत. संभाषणाचा सरावही यातच होईल, वेगळा वेळ काढावा लागणार नाही.

याची सुरुवात म्हणून पुढच्या महिन्यात एका वर्गाला माझा खण घेऊन येण्याची माझी तयारी आहे. स्लाइड रूलपासून आजच्या कॅसिओपर्यंत सगळे हाताळायला मिळेल. पालकांनीही घरातले जुने कॅल्क्युलेटर शोधून आणावेत. सेल सांडून गंजलेले असले तरी चालतील. आणि घरी मुलांकडून एकच नियम पाळून घ्यावा. हॉटेलचे बिल ४६ डॉलर ८० सेंट आले, तर फोन काढण्याआधी विचारावे, वीस टक्के टिप साधारण किती? दहा टक्के पावणेपाचच्या जरा आत, त्याची दुप्पट साडेनऊच्या आत. मग खुशाल फोन काढा.

मतभेद असतील त्यांनी पुढच्या अंकात जरूर लिहावे, आणि सभेला येऊन बोलावे.

— एक पालक