ओटीपीचा भार एसएमएसवर नको

मध्यंतरी कुणालाही फोन लावला की आधी सायबर फसवणुकीपासून सावध राहण्याची सूचना ऐकावी लागे. सूचना योग्यच होती. पण सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केलेल्या मला ती ऐकून राग यायचा. कुलूप बसवायचं काम ज्यांचं, तेच घरमालकाला रात्रभर जागं राहायला सांगत होते.

डिजिटल एक्स्चेंज आली तेव्हा ती आपापसांत ज्या पद्धतीने बोलतात, ती आम्ही शिकलो. तिला आम्ही ‘एसएस-सेव्हन’ म्हणायचो. १९८०च्या सुमारास तिचं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं. तेव्हा बहुतेक देशांत टेलिफोन सरकारी खात्याकडेच होता. त्यामुळे विचारणारा खरा कोण, हे तपासायची सोयच तिच्यात ठेवली नाही. ‘हा ग्राहक रोमिंगवर माझ्याकडे आलाय, त्याचे एसएमएस इकडे पाठवा’ असं कुणी कळवलं की नेटवर्क पाठवून मोकळं होतं. २०१४ मध्ये हॅम्बुर्गच्या एका परिषदेत संशोधकांनी ही उणीव सगळ्यांसमोर मांडली. २०१७ मध्ये जर्मनीत याच वाटेने ओटीपी पळवून लोकांच्या खात्यांतून पैसे काढले गेले.

फाइव्ह-जीत बरंच सुधारलंय. सिमची ओळख आता फोन सांकेतिक करून पाठवू शकतो. पण आपल्याकडे टू-जी अजून चालू आहे, आणि साधा फोन वापरणाऱ्या गरिबाचा तोच आधार आहे. टू-जीत टॉवर फोनला पारखतो, फोनला टॉवर पारखता येत नाही. गाडीत खोटा टॉवर ठेवून आसपासचे फोन टू-जीवर खेचता येतात आणि बँकेच्या नावाने त्यांना एसएमएस धाडता येतो. सिक्स-जीसाठी सरकारने २०३०चं लक्ष्य ठेवलंय. नवी पिढी आली म्हणून जुनीचे दोष जात नाहीत, ते खाली तसेच राहतात.

आणि ओटीपी पळवायला नेटवर्क फोडावंच लागतं असंही नाही. आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या फोनची रेंज शनिवारी संध्याकाळी गेली. बाईंनी गॅलरीत जाऊन फोन उंच धरून पाहिला, बंद करून चालू केला. पावसामुळे असेल, असं सून म्हणाली. प्रत्यक्षात परगावच्या एका दुकानातून त्यांच्या नंबरचं नवं सिम कुणीतरी काढलं होतं. सोमवारी बँकेत गेल्या तेव्हा निवृत्तीच्या पैशांतले बरेच गेलेले. काउंटरवरचा पहिला प्रश्न, “मॅडम, ओटीपी कुणाला सांगितलात?” त्यांनी कुणालाच सांगितला नव्हता. तो त्यांच्यापर्यंत आलाच नव्हता.

नव्या सिमवर २४ तास एसएमएस बंद ठेवायचा नियम २०२२ पासून आहे. चांगला आहे. पण शनिवारी संध्याकाळी सिम बदललं तर ते २४ तास रविवारी संपतात आणि बँक उघडते सोमवारी.

म्हणून मोठ्या रकमेच्या व्यवहारांतून एसएमएसचा ओटीपी काढून टाकावा, आणि त्याची तारीख आजच ठरवावी. सिंगापूरच्या बँकांनी जुलै २०२४ मध्ये जाहीर केलं की फोनमधल्या ॲपवर डिजिटल टोकन (ओळख पटवणारी खूण) असलेल्या ग्राहकांना लॉगिनसाठी ओटीपी तीन महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद होईल. आपल्या रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२६ पासूनच्या निर्देशांत दुसरे मार्ग मोकळे केलेत, आणि निर्देश न पाळल्याने ग्राहकाचं नुकसान झालं तर पूर्ण भरपाईही बँकेवर टाकलीय. एसएमएस मात्र चालूच ठेवलाय. स्मार्टफोन नसलेल्यांना बँकेने टोकनचं छोटं यंत्र द्यावं. त्याचा खर्च बँकेने सोसावा, खातेदाराने नव्हे.

मोबाइल कंपन्यांना तर असा धाकच नाही. नीट ओळख न पटवता सिम दिलं तर झालेलं नुकसान कंपनीनेच भरायचं, एवढी स्वच्छ अट परवान्यात हवी. ती नाही तोवर दुकानात सिम देणारा मुलगा फोटोकडे एक नजर टाकून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळणारच.

फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर करावी, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली राज्याच्या आयटी सचिवांपुढे ५ कोटी रुपयांपर्यंत भरपाईचा दावा करता येतो, हे त्या बाईंना ना बँकेत कुणी सांगितलं, ना पोलीस ठाण्यात. अर्ज आम्ही दोघांनी बसून लिहिला. त्यात बँकेबरोबर सिम देणारी कंपनीही प्रतिवादी आहे.