भिंतीवरचं चित्र कुणाच्या हातचं?

दिवाळीच्या तोंडावर घराला नवा रंग लागतो आणि मोकळ्या भिंतीवर काय लावायचं, हा प्रश्न येतो. बहुतेक घरांत उत्तर ठरलेलं असतं: कारखान्यात छापलेली फ्रेम. आमचं म्हणणं असं, की ती जागा आपल्या परिसरातल्या चित्रकाराच्या मूळ चित्राला मिळावी, कारण कला टिकते ती घेणाऱ्यांच्या बळावर. डहाणूच्या वारली पाड्यांत सुवासिनी लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहीत. जिव्या सोमा म्हशे यांनी वारली चित्र कागदावर आणि कापडावर आणलं, त्याला ग्राहक मिळाले आणि अनेक तरुणांना त्यातून रोजगार मिळाला. म्हशे यांना २०११मध्ये, तर चित्रांतून कथा सांगणारी पिंगुळीची चित्रकथी कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली. हे सन्मान मोलाचेच, पण पुढच्या पिढीने कुंचला हाती धरावा यासाठी चित्रं विकलीही गेली पाहिजेत.

मूळ चित्र परवडत नाही, हा आक्षेप नामवंतांच्या कॅनव्हासपुरता खरा आहे. कला महाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनांत विद्यार्थ्यांची छोटी जलरंगचित्रं, मुद्राचित्रं आवाक्यातल्या किमतीत मिळू शकतात. ‘आम्हाला चित्रातलं कळत नाही’ असंही म्हटलं जातं. पण समज रोजच्या पाहण्यातूनच येते, आणि चित्रकार जवळचा असेल तर त्यालाच विचारता येतं. वारली छापाची चादर स्वस्त पडते हे खरं, मात्र तिचे पैसे पाड्यापर्यंत पोहोचतीलच असं नाही. म्हणून यंदा एकच चित्र घ्या, पण ते काढणाऱ्याच्या हातून घ्या.