आजोबा जिन्यात का थांबतात?

दोस्तांनो, आजोबांच्या छातीला कधी कान लावून पाहिलाय? 'लब्-डब्' ऐकू येतं ना? तो हृदयातल्या झडपा मिटण्याचा आवाज. दिवसाला सुमारे १ लाख वेळा ही उघडमीट चालते!

हृदयातून रक्त साऱ्या शरीराकडे निघतं, त्या दारावर महाधमनीची झडप असते. तिला तीन पातळ पाकळ्या. उतारवयात कुणाकुणाच्या पाकळ्यांत चरबीचे कण शिरतात, सूज येते आणि हळूहळू कॅल्शियम साचतं. नळाच्या तोटीत क्षार धरतात ना, अगदी तसं. पाकळ्या ताठरतात, दार पुरतं उघडत नाही. मग जिना चढताना धाप लागते, छातीत दुखतं, चक्करही येते. आजोबा म्हणतात, "वय झालं रे!" आणि आपण ते खरं मानतो. खरी गोम इथंच आहे.

कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी हा आजार थांबेल, असं वाटलं होतं. तो थांबला नाही. झडप फारच अरुंद झाली, तर बदलावी लागते. पूर्वी त्यासाठी छाती उघडावीच लागे. २००२ साली फ्रान्समध्ये डॉ. अलँ क्रिबिए यांनी मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी सरकवत नवी झडप थेट हृदयात बसवली!

आई-बाबा, आजोबा जिन्यात थांबत असतील, तर डॉक्टरांना स्टेथोस्कोप लावून झडपेचा आवाज ऐकायला सांगाल ना?