महोत्सवात कोण गैरहजर आहे?

कलेला राजकारणाच्या चिखलापासून दूर ठेवावे, असा उपदेश आपल्याला वारंवार ऐकवला जातो. संगीताच्या बाबतीत तर तो अधिकच आग्रहाने केला जातो. कारण सुरांना अर्थ नसतो, म्हणून त्यांना पक्षही नसतो, अशी या उपदेशकांची समजूत असते. समकालीन संगीताचा महोत्सव भरला की तेथे नवे काय वाजले एवढेच पाहावे. तो कोणाच्या पैशाने भरला, कोणाच्या परवानगीने भरला आणि त्यात कोणाला गाऊ दिले गेले नाही, हे प्रश्न म्हणे अरसिकांचे! स्पेन आणि पोर्तुगाल या दोन देशांचा अलीकडचा इतिहास ज्याने डोळसपणे वाचला आहे, त्याला हा उपदेश मानणे अशक्य आहे.

१९७२ च्या जूनअखेरीस स्पेनमधील पाम्प्लोना शहरात नव्या कलेचा आठवडाभराचा महोत्सव भरला. संगीतकार लुईस दे पाब्लो आणि चित्रकार होसे लुईस आलेक्सांको हे त्याचे संयोजक होते. जॉन केज, स्टीव्ह राइश यांच्यासारखे प्रयोगशील संगीतकार तेथे आले. लाकडी फळ्यांवर दांडक्यांनी वाजवले जाणारे बास्क प्रदेशातील चालापार्ता हे वाद्यही तेथे घुमले. खर्चाचा भार उआर्ते या उद्योगपती कुटुंबाने उचलला होता. याच कुटुंबाच्या बांधकाम कंपनीने फ्रांकोच्या विजयस्मारकावरील अवाढव्य क्रूस उभारला होता. ज्या स्मारकाच्या कामावर राजकीय कैदी राबवले गेले, तेच हे स्मारक! महोत्सवाला वर्षही उलटले नव्हते, तोच पाम्प्लोनातील याच उद्योगसमूहाच्या तोरफिनासा कारखान्यातील कामगारांचा संप चिघळला. ज्या देशात संप करणे हाच गुन्हा होता, त्या देशात परदेशी पाहुण्यांना नवे ध्वनी ऐकवले जात होते. हुकूमशाहीला आधुनिकतेचा मुखवटा हवा होता आणि तो तिला मिळाला, असे तेथील विरोधकांना वाटले असेल, तर ते चुकीचे कसे म्हणावे?

तथापि डाव्या बाजूचा प्रतिसादही तपासून पाहिला पाहिजे. एटा या सशस्त्र बास्क संघटनेने त्या दिवसांत शहरात बॉम्बस्फोट घडवले. शिल्पकार एदुआर्दो चियिदा यांनी आपली कलाकृती प्रदर्शनातून काढून घेतली. हा दुसरा मार्ग सन्माननीय होता, पहिला नव्हता. बॉम्बने हुकूमशाहीचा मुखवटा फाटत नाही, उलट तिच्या पोलिसांना निमित्त मिळते. शिवाय नवे संगीत म्हणजे भांडवलदारांचा चाळा, असे म्हणून त्याकडे पाठ फिरवण्याची जी सवय आपल्या चळवळींना जडली आहे, तीही आत्मघातकी आहे. अनोळखी सुरांना कान देण्याचा अधिकार श्रीमंतांच्या दिवाणखान्यापुरताच आहे, असे आपणच कबूल करणार काय? दोष केजच्या प्रयोगांत नव्हता. कोणी काय ऐकावे आणि कोणी काय बोलावे, हे ठरवण्याची सत्ता कोणाच्या हाती होती, हा खरा प्रश्न होता.

आता शेजारच्या पोर्तुगालकडे पाहा. २९ मार्च १९७४ रोजी लिस्बनच्या कोलिझेऊ सभागृहात पोर्तुगीज गीतांचे संमेलन भरले. तेथे ना उद्योगपतीची थैली होती, ना सरकारचा आशीर्वाद. पोलिसांचा आणि सेन्सॉरचा पहारा मात्र होता. जोझे आफोंसो यांच्या अनेक गीतांवर बंदी घालणाऱ्या सेन्सॉरने ‘ग्रांदोला’ हे गीत निरुपद्रवी समजून सोडून दिले. ग्रांदोला गावातील कामगारांच्या एका संगीत मंडळाला भेट दिल्यावर आफोंसोंना ते सुचले होते, आणि १९७२ मध्ये त्यांनी ते प्रथम जाहीरपणे गायले तेही स्पेनच्या भूमीवर, सांतियागो दे कोंपोस्तेला येथे. त्या रात्री सभागृह एकमुखाने ते गीत गाऊ लागले. महिनाही लोटला नाही, तोच २५ एप्रिलच्या मध्यरात्रीनंतर चर्चच्या मालकीच्या रेडिओ केंद्रावरून तेच गीत वाजले आणि त्या इशाऱ्यावर लष्करातील बंडखोर अधिकाऱ्यांनी ४८ वर्षांची हुकूमशाही उलथून टाकली. सुरांना पक्ष नसतो, असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

हा इतिहास आपल्यालाही परका नाही. लिस्बनजवळील काशियासच्या किल्ल्यातील तुरुंगात लोकगीतांचे संशोधक आणि संगीतकार फर्नांदो लोपेश-ग्रासा यांना १९३६ मध्ये डांबण्यात आले. १९७३ मध्ये आफोंसोही तेथेच होते. आणि गोवा मुक्तिसंग्रामातील सेनानी मोहन रानडे यांनी गोवा स्वतंत्र झाल्यानंतरही, १९६९ पर्यंत, याच काशियासमध्ये बंदिवास भोगला. ज्या राजवटीला स्वतःच्या लोकांचे गाणे सोसत नव्हते, तिला गोमंतकीयांचे स्वातंत्र्य कसे सोसावे?

यावर कोणी म्हणेल, हे सारे हुकूमशाहीच्या काळातले. आता दोन्ही देशांत लोकशाही नांदते आहे. मान्य आहे. पण २०२१ च्या फेब्रुवारीत पाब्लो हासेल या रॅप गायकाला स्पॅनिश पोलिसांनी येईदा विद्यापीठातून पकडून तुरुंगात नेले. राजसत्तेची निंदा आणि दहशतवादाचे उदात्तीकरण हे त्याच्यावरचे आरोप होते, आणि पुरावा होता त्याची गीते व समाजमाध्यमांवरील त्याचे लेखन. त्याआधी वाल्तोनिक या दुसऱ्या गायकाला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. २०१८ मध्ये तो बेल्जियमला निघून गेला आणि तेथील न्यायालयांनी त्याला परत धाडण्यास नकार दिला. या दोघांचे शब्द अनेकांना हिणकस वाटतील; मलाही त्यांतील पुष्कळसे पटत नाहीत. पण आवडत्या गीताच्या स्वातंत्र्याचा कैवार घ्यायला धैर्य लागत नाही. राजावर रचलेल्या कवनासाठी गायक गजाआड जात असेल, तर लोकशाहीने सेन्सॉरची कात्री मोडली खरी, पण ती न्यायाधीशाच्या मेजावर ठेवून दिली, असेच म्हणावे लागेल.

म्हणून स्पॅनिश व पोर्तुगीज समकालीन संगीताचा महोत्सव कोठेही भरो, कार्यकर्त्यांनी त्यावर बहिष्कार टाकण्याचे कारण नाही. असे महोत्सव भरलेच पाहिजेत. नवे संगीत केवळ तिकीटविक्रीवर जगत नाही, त्यामागे सार्वजनिक पैसा उभा राहिला पाहिजे. मात्र तो पैसा लोकांचा आहे, याच कारणाने आपण तेथे अवश्य जावे, कान उघडे ठेवून ऐकावे आणि बाहेर पडताना संयोजकांना विचारावे: या कार्यक्रमपत्रिकेत कोणाचे नाव नाही, आणि का नाही? ज्या महोत्सवाला हा प्रश्न ऐकवत नाही, त्याने स्वतःला समकालीन म्हणवून घेऊ नये. तो केवळ नव्या वाद्यांवर वाजवलेला जुना दरबार होय.